रोगाची खूण आणि सोन्याचा कण

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोन्याचा विषय निघाला की भाव, तोळे आणि लग्नसराई यांच्या गोष्टी सुरू होतात. आज आम्ही ज्या सोन्याविषयी बोलणार आहोत ते सराफाच्या दुकानात मिळत नाही. तरीही आपल्यापैकी पुष्कळांनी ते हातात धरलेले आहे आणि काम झाल्यावर कचऱ्याच्या टोपलीत टाकूनही दिलेले आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी गर्भचाचणीची पट्टी, मलेरियाची पट्टी, २०२० सालापासून सर्वांच्या परिचयाची झालेली करोनाची अँटिजेन चाचणी, या पट्ट्यांवर जी लालसर रेघ उमटते तिचा रंग बहुतेक वेळा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. पिवळे सोने लाल कसे झाले, ते रोग कसा दाखविते आणि त्याने दाखविलेल्या गोष्टीवर आपण किती विश्वास ठेवावा, हे तीन प्रश्न आज आपण क्रमाने पाहू.

प्रथम रोगाच्या खुणेविषयी बोलू. डोंगरावर धूर दिसला की तेथे आग आहे असे आपण समजतो. हे अनुमान आपल्याकडील तर्कशास्त्रात फार जुने आहे. वैद्यकातही तसेच असते. रोग स्वतः डोळ्यांना दिसत नाही. त्याचा धूर दिसतो. या धुराला रोगसूचक खूण किंवा बायोमार्कर असे म्हणतात. मधुमेहात रक्तातील साखर ही खूण असते. हृदयाचा स्नायू दुखावला की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते, ती हृदयविकाराच्या झटक्याची खूण. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियाचा परजीवी एचआरपी-२ नावाचे प्रथिन रक्तात सोडतो, ती मलेरियाची खूण.

परंतु सर्व खुणा सारख्या ठळक नसतात. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात साखरेचे प्रमाण लिटरला एक ग्रॅमच्या आसपास असते. ट्रोपोनिन-टी या प्रथिनाच्या आधुनिक चाचणीत मात्र लिटरला १४ नॅनोग्रॅमच्या वर आकडा गेला की डॉक्टर सावध होतात. एक ग्रॅम म्हणजे १०० कोटी नॅनोग्रॅम. म्हणजेच साखरेच्या तुलनेत ही खूण सुमारे सात कोटी पटीने विरळ आहे. शिवाय त्याच रक्तात अल्ब्युमिन हे एकटे प्रथिन लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास असते. लाखोंच्या मेळ्यात हरवलेले एक मूल शोधावे तसे हे काम आहे.

ते मूल शोधायचे तर दोन गोष्टी लागतात. मुलाला नेमके ओळखणारा कोणीतरी हवा आणि ओळख पटल्यावर त्याने दुरून दिसेल असा झेंडा हलवावयास हवा. चाचणीत ओळखण्याचे काम प्रतिपिंडे करतात. ही प्रथिने कुलपाला किल्ली बसावी तशी ठराविक रेणूलाच घट्ट चिकटतात. झेंडा हलविण्याचे काम सोन्याकडे असते. ही कामाची वाटणी आपण लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर अवलंबून आहे.

आता सोन्याकडे वळू. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत मिसळले तर काच लाल दिसते, हे जुन्या काळचे कारागीर कारण न कळताही जाणत होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन काचपात्र आहे. बाहेरून उजेड पडला तर ते हिरवे दिसते आणि आत दिवा ठेवला तर लाल दिसते. त्या काचेत सोन्याचांदीचे कण आहेत.

याचे पहिले शास्त्रीय संशोधन मायकेल फॅरडे यांनी केले. विद्यार्थ्यांनी हे नाव विसरू नये. फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळेचे शिक्षण नावापुरते. पुस्तकबांधणीच्या दुकानात त्यांनी सात वर्षे उमेदवारी केली आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचून ते विज्ञान शिकले. १८५७ साली रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सोने आणि प्रकाश यांचा संबंध उलगडून दाखविला. सोन्याच्या क्षाराच्या विरल द्रावणापासून त्यांनी माणकासारखा लाल द्रव तयार केला होता. या द्रवात सोने विरघळलेले नसून अत्यंत बारीक कणांच्या रूपाने तरंगत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यात मीठ टाकले की लाल रंग जाऊन निळा येतो, हेही त्यांनी नोंदविले. त्यांनी बनविलेल्या द्रवाच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत.

असे का होते? धातूमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण काही दशक नॅनोमीटर इतका लहान झाला की त्यातील सारे मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर एकाच वेळी इकडून तिकडे झुलू लागतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. रक्तातील एक तांबडी पेशी सात हजार नॅनोमीटरहून रुंद असते, यावरून या कणांच्या लहानपणाची कल्पना येईल. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर तो उंच जातो, लय चुकली तर जात नाही. सोन्याच्या लहान गोल कणांची लय सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळते. तो प्रकाश कण खाऊन टाकतात आणि उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो. कण एकमेकांजवळ आले की त्यांची लय बदलते आणि द्रव निळसर होतो. फॅरडे यांनी मीठ टाकल्यावर नेमके हेच घडले होते. प्रकाश आणि लहान गोल कण यांचे पूर्ण गणित जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव मी यांनी १९०८ साली मांडले.

हे कण बनविण्याची सोपी कृती टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केली. सोन्याच्या क्लोराइडाचे अतिशय विरल द्रावण उकळावयाचे आणि त्यात सोडियम सायट्रेट घालावयाचे. फिकट पिवळा रंग जातो, द्रव करडा-निळसर होतो आणि काही मिनिटांत दारूसारखा लाल होतो. भांडी मात्र अम्लराजाने धुतलेली, अगदी निर्मळ असावी लागतात, नाहीतर कण एकत्र येऊन बसतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी तर गवती चहाच्या जातीच्या गवताचा अर्क वापरून सोन्याचे त्रिकोणी चपटे कण तयार केले आणि २००४ साली ते काम जगापुढे ठेवले. आपल्या परसातल्यासारख्या गवताने हे करावे, ही विद्यार्थ्यांनी विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आता पट्टी कशी काम करते ते पाहू. पट्टीच्या एका टोकाला सोन्याचे कण वाळवून ठेवलेले असतात आणि त्यांच्यावर प्रतिपिंडे चिकटविलेली असतात. रक्ताचा किंवा लघवीचा थेंब पडला की कण ओले होऊन पट्टीवरून पुढे वाहू लागतात. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे. थेंबात रोगाची खूण असेल तर ती कणावरील प्रतिपिंडाला चिकटते. पुढे पट्टीवर एका रेषेत दुसरी प्रतिपिंडे पक्की बसविलेली असतात. ती त्याच खुणेला दुसऱ्या बाजूने धरतात. अशा रीतीने खूण मध्ये सापडते, तिच्याबरोबर सोन्याचा कण अडकतो, आणि असे असंख्य कण जमले की लाल रेघ दिसते. त्यापलीकडील दुसरी रेघ पट्टी नीट चालली एवढेच सांगते. ती उमटली नाही तर चाचणी बाद समजावी.

या पट्टीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही आणि निकाल बहुधा पंधरा-वीस मिनिटांत कळतो. तालुक्याच्या गावी जायला एक दिवसाची मजुरी बुडते अशा माणसाला या पंधरा मिनिटांची किंमत कळते. पट्टीतील सोने इतके अल्प असते की तिच्या किमतीत त्याचा वाटा नगण्य आहे. तेव्हा सोन्याचे नाव सांगून कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नयेत.

परंतु पट्टीची एक मर्यादा आहे. रेघ डोळ्यांना दिसण्यासाठी पुष्कळ कण एका जागी जमावे लागतात. खूण फारच विरळ असेल तर रेघ उमटत नाही. म्हणूनच करोनाच्या काळात लक्षणे असलेल्या माणसाची अँटिजेन चाचणी नकारात्मक आली तर पुन्हा आरटीपीसीआर तपासणी करावी, अशी सूचना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिली होती. जेथे डोळा थकतो तेथे वर्णपटविज्ञान मदतीला येते, आणि या वाटेवर आपल्याला एक भारतीय नाव भेटते.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी तेव्हाच्या कलकत्त्यात सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला शोध लावला. त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन हे होते. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरलेल्या प्रकाशात त्या रंगाबरोबर काही वेगळे, अत्यंत फिकट रंगही असतात. प्रकाशाने रेणूला किंचित हलविलेले असते आणि त्या हालचालीचा हिशेब रंगाच्या बदलात उतरलेला असतो. प्रत्येक रेणू आपल्या रीतीने हलतो, म्हणून प्रत्येकाचा रामन वर्णपट अंगठ्याच्या ठशासारखा वेगळा असतो. या शोधासाठी रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. अडचण एवढीच की हा ठसा फार फिका असतो. विखुरलेल्या साधारण एक कोटी प्रकाशकणांपैकी जेमतेम एकच प्रकाशकण अशी बातमी घेऊन येतो.

१९७४ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्क्विलन यांनी चांदीच्या खडबडीत केलेल्या पृष्ठभागावर चिकटलेल्या पिरिडिनाचा रामन वर्णपट घेतला. तो अपेक्षेहून पुष्कळच ठळक आला. खडबडीतपणामुळे पृष्ठभाग वाढला आणि जास्त रेणू बसले, असा अर्थ त्यांनी लावला. पण १९७७ साली अमेरिकेत जाँमेर व व्हॅन डाइन यांनी आणि इंग्लंडमध्ये अल्ब्रेख्ट व क्राइटन यांनी हिशेब करून दाखविले की केवळ जास्त रेणूंमुळे एवढी वाढ होणे शक्य नाही. प्रत्येक रेणूचा ठसाच लाखो पटीने ठळक झालेला होता. मघाशी सांगितलेला इलेक्ट्रॉनांचा झोका येथे कामी येतो. कणांच्या पृष्ठभागाजवळ, विशेषतः दोन कणांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत, प्रकाशाचे क्षेत्र अतिशय तीव्र होते आणि तेथे सापडलेला रेणू जणू मोठ्याने बोलू लागतो. १९९७ साली दोन गटांनी चांदीच्या कणांवर एकट्या रेणूचा वर्णपट मिळाल्याचे जाहीर केले. चांदीचा परिणाम सोन्याहून जास्त, पण ती काळवंडते. सोने टिकते, आणि गंधक असलेले रेणू त्याला घट्ट चिकटतात. म्हणून रोगनिदानाच्या कामासाठी सोन्याकडे कल आहे.

याचा उपयोग असा करतात. सोन्याच्या कणावर ठळक वर्णपट असलेल्या एखाद्या रंगद्रव्याचा थर देतात, त्यावर काचेसारखे पातळ आवरण चढवितात आणि वरून प्रतिपिंडे बसवितात. कण खुणेला चिकटला की लेसरच्या प्रकाशात रंगद्रव्याचा ठसा दिसतो. निरनिराळ्या खुणांसाठी निरनिराळी रंगद्रव्ये वापरली तर एकाच थेंबात अनेक खुणा एकदम वाचता येतात, कारण रामन वर्णपटाच्या रेषा अरुंद असतात आणि सहसा एकमेकींत मिसळत नाहीत. दुसरी रीत म्हणजे थेट ऊतींचा किंवा रक्ताचा वर्णपट घेणे. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन केंद्रात तोंडाच्या कर्करोगावर रामन वर्णपटाच्या साह्याने संशोधन झालेले आहे. आपल्याकडे तंबाखूचे व्यसन किती घरांत शिरले आहे ते आपण जाणतो. तेव्हा या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको.

मग अशा चाचण्या दवाखान्यात सर्रास का दिसत नाहीत? याची कारणे आहेत. फटीत सापडलेला रेणू ओरडतो आणि शेजारचा गप्प राहतो. त्यामुळे कणांची मांडणी जराही बदलली की आकडा बदलतो. आज केलेले कण आणि पुढच्या महिन्यात केलेले कण हुबेहूब सारखे असावे लागतात. रक्तात टाकलेल्या सोन्यावर इतर प्रथिनांची पुटे चढतात. प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात मिळालेला सुंदर निकाल रोग्याच्या रक्तात तसाच मिळेल याची खात्री नसते. म्हणून लाल रेघेची पट्टी औषधाच्या दुकानात पोचली, आणि सोने व रामन यांची ही जोडी अद्याप बव्हंशी संशोधनाच्या टेबलावर आहे.

येथपर्यंत आपण झेंडा कसा उंच करावा ते पाहिले. आता तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. झेंडा दिसला म्हणजे मूल सापडले का?

आपल्या देशातलीच गोष्ट घ्या. क्षयरोगासाठी रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या अनेक वर्षे बाजारात सर्रास विकल्या जात होत्या. लोक कष्टाचे पैसे देऊन त्या करून घेत. या चाचण्यांत क्षय नसलेल्यांना क्षय आहे असे निघत होते आणि क्षय असलेले सुटत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. येथे दोष रंगाचा किंवा यंत्राचा नव्हता. ज्या खुणेचा शोध घेतला जात होता तीच खूण भरवशाची नव्हती. रक्तातील प्रतिपिंडे जुन्या संसर्गाचीही असू शकतात. अशा चाचणीत सोन्याने कितीही लखलखीत रेघ काढली असती तरी ती धुक्याला धूर म्हणणारी रेघ ठरली असती. त्या रेघेपायी एखाद्याने क्षय नसताना महिनोन्‌महिने औषधे घ्यावयाची, आणि क्षय असलेल्याने निर्धास्तपणे घरी जाऊन मुलाबाळांत खोकत राहावयाचे!

मलेरियाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एचआरपी-२ ही खूण चांगली आहे. पण रोगी बरा झाल्यावरही ती काही आठवडे रक्तात रेंगाळते, म्हणजे आग विझली तरी धूर राहतो. उलट, हे प्रथिनच न बनविणारे परजीवी दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात आढळल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे इतर देशांतही ते सापडले. तेथे आग आहे, पण धूर नाही.

शेवटी थोडे अंकगणित करू. समजा, एखादी चाचणी शंभर रोग्यांपैकी ९९ जणांना बरोबर ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी ९९ जणांना बरोबर सोडते. ऐकायला ही फारच उत्तम चाचणी वाटते. दहा हजारांच्या वस्तीत दहाच जणांना तो रोग आहे आणि आपण सरसकट सर्वांची चाचणी केली. दहाही रोगी बहुधा सापडतील. पण ९,९९० निरोगी माणसांपैकी शंभरातील एक, म्हणजे सुमारे १०० जणही रोगी ठरतील. एकूण ११० जणांना चिठ्ठी मिळाली आणि त्यांत खरे रोगी दहा. अकरांत एक! तीच चाचणी दवाखान्यात लक्षणे असलेल्या अशा शंभर जणांवर केली की ज्यांत पन्नास खरोखर रोगी आहेत, तर चुकीची चिठ्ठी एखाद्यालाच मिळेल. चाचणी तीच, सोने तेच, प्रकाश तोच. कोणाची तपासणी केली यावर निकालाचा अर्थ बदलला. म्हणून पहिल्या चाचणीनंतर वेगळ्या पद्धतीची दुसरी चाचणी करण्याची शिस्त वैद्यकात आहे. ती शिस्त वेळकाढूपणा नव्हे, हे आपण घरच्यांनाही समजावून सांगावे.

मित्रहो, यातून आपण काय घ्यावे? वस्तीत तपासणी शिबिर भरले किंवा कोणी नवी चाचणी घेऊन आले तर आपण निःसंकोचपणे विचारावे की ही चाचणी नेमकी कोणती खूण शोधते, ती खूण दुसऱ्या कारणानेही येते का, आणि निकाल आला तर पुढची खात्रीची तपासणी कोठे होईल. क्षयाचा संशय असेल तर सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेथे जावे. नुसती रेघ पाहून औषध सुरू करू नये, आणि रेघ आली नाही म्हणून पंधरा दिवसांचा खोकला अंगावर काढू नये.

विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू की या विषयात अजून पुष्कळ काम शिल्लक आहे. सारखेच कण पुन्हा पुन्हा बनविणारा रसायनशास्त्रज्ञ हवा, फटीतील प्रकाशाचे गणित करणारा भौतिकशास्त्रज्ञ हवा, खूण खरी की खोटी हे हजारो रोग्यांवर पडताळणारा डॉक्टर हवा आणि वरचे अंकगणित चोख करणारा संख्याशास्त्रज्ञ हवा. शिवाय वस्तीत जाऊन रेघेचा अर्थ साध्या भाषेत सांगणारी आरोग्यसेविकाही हवी. यांपैकी कोणतेही काम दुसऱ्याहून कमी नाही. लोहाराच्या मुलाने बांधणीला आलेली पुस्तके वाचून सोन्याचा लाल रंग ओळखला. आपल्या वाचनालयात तर पुस्तके बांधून तयार आहेत. ती उघडावीत आणि वाचताना जे पटणार नाही ते शिक्षकांना विचारावे.